कड्याच्या पोटातला डबा आणि हद्दीचा घोळ : माझा अनुभव

जिओकॅशिंग म्हणजे एकाने लपवलेला डबा इतरांनी जीपीएसच्या मदतीने शोधून आतल्या वहीत नाव लिहिण्याचा खेळ. त्यात भूभागाच्या अवघडपणाला एक ते पाच गुण देतात आणि ज्या डब्यापर्यंत दोर किंवा होडी यांसारख्या खास साधनांवाचून पोहोचता येत नाही, त्याला पाच मिळतात. असा पाच गुणांचा एक डबा पुणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका कड्यात ठेवायचे मी ठरवले. दोराचे काम सरळ पार पडले. अडकलो ते परवानगीच्या एका कागदापाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. कड्याचे नाव सांगत नाही, कारण तो शोधणे हाच खेळाचा भाग आहे.

रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणे, मी एका गिर्यारोहण संस्थेत शिकलो आणि लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावर त्याचा सराव केला. ज्यांना केवळ उतरता येते त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. अशा डब्यापाशी अर्ध्यावर लटकून थांबावे लागते, दोन्ही हात मोकळे करावे लागतात आणि काम झाल्यावर जुमारने, म्हणजे दोर पकडून वर सरकणाऱ्या चिमट्याने, त्याच दोरावरून वर यावे लागते.

डबा खेळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होण्याआधी एक स्वयंसेवक परीक्षक माहिती तपासतो. शेजारचा डबा किमान 161 मीटर दूर आहे ना, जमीन खणलेली किंवा खडकाला छिद्र पाडलेले नाही ना, पुढची देखभाल कोण करणार, हे प्रश्न लगेच मिटले. उरला तो जागेच्या मालकाच्या संमतीचा. तो रास्तच होता, कारण निर्जन जागी ठेवलेला बंद डबा अनोळखी माणसाला सापडला तर प्रकरण बॉम्बशोधक पथकापर्यंत जाते आणि परदेशात असे अनेकदा घडलेले आहे.

मी पठारावरच्या बाजूच्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या लिपिकाने नकाशा उघडला, कड्याच्या रेषेवर बोट ठेवले आणि सांगितले की आमची हद्द इथे संपते, डबा काठाच्या खाली आहे, म्हणून तो खालच्या कार्यालयाचा विषय आहे. घाट उतरून खालच्या कार्यालयात गेलो, तर तिथे तसाच नकाशा उघडला गेला, त्याच रेषेवर बोट ठेवले गेले आणि आमची हद्द कड्याच्या पायथ्याशी सुरू होते, असे उत्तर मिळाले. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. नकाशा वरून पाहून काढलेला असतो. उभ्या भिंतीला त्यावर क्षेत्रफळच उरत नाही, समोच्च रेषा एकमेकींना चिकटतात आणि शेकडो फूट उंचीचा कडा पेन्सिलीच्या एका रेघेत मावतो. त्या रेघेच्या जाडीत माझा डबा होता आणि त्या जाडीचा मालक कोण, हे सांगायला कोणीच तयार नव्हते.

त्यानंतर मी वरून खाली आणि खालून वर फिरत राहिलो. एका टेबलावर डब्याचे प्रयोजन विचारले गेले, पण छापील अर्जात चित्रीकरण, संशोधन आणि सहल एवढेच पर्याय होते. दुसऱ्या टेबलावर माझ्या हातातले जीपीएस यंत्र म्हणजे सॅटेलाइट फोन आहे असा संशय घेतला गेला. हे यंत्र उपग्रहांचे संदेश फक्त ऐकते, स्वतः काही पाठवत नाही, हे मी पटवून दिले. मात्र उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे भारतात परवान्यावाचून बाळगता येत नाहीत, हे परदेशातून येणाऱ्या मित्रांना आधीच कळवावे. कुठल्याही टेबलावरून उठताना आवक क्रमांक घ्यावाच, कारण तो नसलेला अर्ज पुढच्या भेटीत अस्तित्वातच नसतो.

अखेर मी नकाशांचा माग सोडून सातबाऱ्याकडे वळलो, आणि हे सर्वांत आधी करावे असा माझा आग्रह आहे. पठाराची ती कड सरकारी असेल असे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती एका शेतकऱ्याच्या गटात पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, म्हणून नोंदलेली निघाली आणि गावनकाशावर गटाची हद्द काठापर्यंत जात होती. आता प्रश्न एवढाच होता की काठाखालचा डबा या गटात येतो की नाही. त्याचे उत्तर गवंड्याच्या ओळंब्याने दिले. कड्याचा माथा पुढे झुकलेला आहे आणि सुमारे 18 मीटर खाली एक कोरडी कपार आत गेलेली आहे. काठावरून ओळंबा सोडला तेव्हा दोरी कपारीच्या तोंडापासून चांगली लांब, हवेत लोंबत राहिली. म्हणजे वरून पाहिले तर कपार काठाच्या आतल्या बाजूला, निर्विवाद त्या गटात होती. ओळंब्यासह काढलेली छायाचित्रे मी गावनकाशाला जोडली, आणि या युक्तीचा मला आजही अभिमान वाटतो.

शेतकरी काकांनी छायाचित्रे नीट पाहिली, खाली डबा ठेवा नाहीतर देव ठेवा, पण गुरे बुजायला नकोत, असे बजावले आणि साध्या कागदावर संमती लिहून दिली. पावसाळ्यात काठावरच्या निसरड्या गवतात कोणी येऊ नये आणि गाड्या गावातच ठेवाव्यात, या त्यांच्या अटी मी डब्याच्या माहितीत तशाच घातल्या. परीक्षकाने डबा मंजूर केल्यानंतर खालच्या कार्यालयाचे पत्र आले: ‘सदर प्रकरण या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ ते मी जपून ठेवले आहे.

अक्षांश-रेखांशांचाही इथे तोच घोळ होतो. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत दिलेला अक्षांश दोनेक मीटरपर्यंत नेमका असतो, पण उंचीबद्दल काहीच सांगत नाही; शिवाय कपारीत अर्धे आकाश झाकलेले असते आणि खडकावरून परावर्तित झालेले संदेश यंत्राला भलतीकडे नेतात. म्हणून काठावर बराच वेळ यंत्र ठेवून सरासरी घ्यावी, तेच स्थान द्यावे आणि खोली शब्दांत लिहावी. झुकलेल्या माथ्यामुळे दोर काठावर घासतो, तेव्हा रोप प्रोटेक्टर, म्हणजे दोराला घासण्यापासून वाचवणारे आवरण, विसरू नये. कपारीत शिरायला झोके घ्यावे लागतात आणि तेव्हाच घर्षण सर्वाधिक असते. अँकर, म्हणजे दोर बांधायचे आधार, दोन स्वतंत्र खडकांना असावेत आणि दोराच्या शेवटी गाठ असावी. डबा धातूचा घ्यावा, कारण प्लास्टिकचा डबा माकडे चावतात, आणि आत पेनऐवजी पेन्सिल ठेवावी. जवळपास आग्या मोहोळ दिसले किंवा कड्यावर गिधाडांचे घरटे असले, तर दोर न सोडता परत फिरावे. गिधाडांची वीण हिवाळ्यात असते आणि आपला दोरांचा हंगामही तेव्हाच, म्हणून निघण्याआधी काठापासून दूर बसून दुर्बिणीने कडा तपासणे मी डब्याच्या माहितीत पहिल्याच ओळीत बंधनकारक केले आहे.