अव्वल नंबर घसरला, आणि गुणपत्रकही त्याच्याबरोबर गेलं

मंडळी, आमच्या रेस्टॉरंटांच्या यादीतला पहिला नंबर पडला. पाव-अर्ध्या गुणाने नाही, साडेआठवरून थेट सहावर, आणि तेही दोघांच्या कार्डांवर. कोऱ्या, म्हणजे आधी कधीच न गेलेल्या जागा शोधून डोकं पिकलं होतं, म्हणून या आठवड्याची जेवणाची वारी ‘दुबार’ ठेवली, म्हणजे जुन्याच जागी. म्हटलं, एकदा तरी खात्रीचं जेवू. मागे ज्या जागेचं मी इतकं गुणगान केलं होतं तिथेच गेलो, तेच तिन्ही पदार्थ (स्टार्टर, मेन कोर्स, डेझर्ट) मागवले. नियम नेहमीचाच: तिसऱ्या घासापर्यंत तोंडाला कुलूप, मग आपापला आकडा लिहून कार्ड पालथं. कार्डं उलटली आणि दोघंही बघतच राहिलो. आमचं एकमत होणं हीच मुळात बातमी असते. आणि ते झालं तर असं व्हावं!

नवऱ्याचा निकाल तयार होता: आचारी बदलला. वेटरला विचारलं, तर आचारी तोच, मेनूही तोच. मग म्हणे, आज हात बिघडला असेल. असेल बापडा, पण तिन्ही पदार्थांत? आणि सगळ्यात जास्त आपटलं ते डेझर्ट. ते तर आधीच करून फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. संध्याकाळच्या गर्दीत आचाऱ्याची कितीही तारांबळ उडाली तरी त्याला काय फरक पडणार?

घरी येऊन जुनं कार्ड काढलं. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात शेरा: ‘साडेसहा वाजता. आम्हीच पहिले. कोपरा टेबल.’ या वेळी आम्ही ऐन गर्दीत, स्पीकरच्या बरोबर खाली, आणि शेजारच्या लांब टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस. वैतागून नवऱ्याने तिथेच फोनवर आवाज मोजला होता: ८१ डेसिबल. साधं बोलणं साधारण ६० च्या घरात असतं, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे नेहमीच्या बोलण्याच्या चौपट गोंगाटात आम्ही चवीचे गुण देत होतो, आणि आमच्या कार्डावर रकाने तीनच: चव, वाढप, जागा.

मग काय, आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. वाचत गेलो तसतसा आवाजाचा रकाना किती गरजेचा आहे ते कळत गेलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या किम्बर्ली यान आणि रॉबिन डँडो यांनी २०१५ मध्ये लोकांना विमानाच्या केबिनसारखा गोंगाट, ८५ डेसिबलच्या आसपासचा, ऐकवून चवी ओळखायला लावल्या. गोड चव फिकी पडली आणि उमामी (मशरूम, टोमॅटोत असते ती भरीव चव) उलट वाढली. खारट, आंबट, कडू यांच्यात फारसा फरक नाही. याचं एक कारण शरीररचनेतच असू शकतं: जिभेच्या पुढच्या भागातून चव मेंदूकडे नेणारी जी नस आहे, कॉर्डा टिंपनी, ती मधल्या कानातून, पडद्याच्या अगदी जवळून जाते. हे वाचल्यावर मी नवऱ्याला उठवून सांगितलं. रात्रीचा एक वाजला होता, त्याने उत्साह दाखवला नाही.

डेझर्टचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. पण मग मेन कोर्स? तो उमामीने ठासून भरलेला आहे, या हिशोबाने त्याचे गुण वाढायला हवे होते, निदान पडायला तरी नको होते. सकाळी चहा घेताना नवऱ्याने नेमकं हेच बोट ठेवलं. झोपेतसुद्धा ऐकत होता म्हणायचा.

त्याचं उत्तर अर्धंमुर्धं मिळालं ते आणखी एका प्रयोगात. २०११ मध्ये मँचेस्टर विद्यापीठ आणि युनिलिव्हरच्या संशोधकांनी हेडफोनवर आवाज ऐकवत लोकांना खायला दिलं होतं. मोठ्या गोंगाटात गोड आणि खारट दोन्ही कमी लागलं, कुरकुरीतपणा जास्त जाणवला. (खारटाच्या बाबतीत हा निष्कर्ष कॉर्नेलशी जुळत नाही, हे लक्षात असू द्या, एक वाचून लगेच गावभर सांगत सुटू नका, मी सुटले होते.) पण आमच्या कामाची गोष्ट त्यात वेगळीच होती: कानावर पडणारं आवडलं तर खाणंही जास्त आवडतं. त्या रात्रीचं गाणं मला अजिबात आवडलं नव्हतं. ‘जागा’ या रकान्यात मी ते लिहिलं, आणि तरीही ते ‘चव’ या रकान्यात झिरपलंच.

यावरून घरात जुनं भांडण नव्याने. नवऱ्याला एका जागेला एकच आकडा हवा. ‘गेलो, जेवलो, कसं वाटलं? सात. विषय संपला.’ माझं म्हणणं, रकाने वेगळे हवेत आणि ते काटेकोरपणे वेगळे भरायला हवेत. मी ‘झगाट’ हे रेस्टॉरंट गाइड काढणाऱ्या जोडप्याचा दाखला दिला. टिम आणि नीना झगाट, दोघंही वकील, १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मित्रमंडळींची मतं गोळा करून त्यांनी सुरुवात केली. खाणं, सजावट आणि सेवा यांना ३० पैकी वेगवेगळे गुण. गंमत म्हणजे लोक गुण देताना ० ते ३ एवढेच देत; सगळ्यांची सरासरी काढून तिला दहाने गुणायचं. नवरा म्हणाला, बरोबर, पण त्यांच्याकडे माणसं किती होती? आपण दोघं. दोघांची सरासरी म्हणजे तडजोड. हा मुद्दा मला तेव्हा पटला नाही, पण तो पुढे येतोय.

दुसरा दाखला रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडचा. त्यांचे तारे फक्त ताटातल्या पदार्थासाठी; बसायची सोय, थाटमाट यांच्यासाठी गाइडमध्ये काटा-चमच्याचं वेगळं चिन्ह असायचं. आणि त्यांच्या पाच निकषांत सातत्य हा एक आहे. सातत्य बघायचं तर पुन्हा जायलाच हवं. कोऱ्या जागांचा आकडा वाढवण्याच्या नादात ‘दुबार’ला फालतू समजणाऱ्या मंडळींनी (तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे) हे जरा मनावर घ्यावं.

तर प्रयोग. पहिली कल्पना नवऱ्याची: त्याच गर्दीच्या वेळी जायचं, एकाने फोमचे इअरप्लग घालायचे, दुसऱ्याने नाही. ऐकायला झकास. बसलो, मी प्लग घातले, स्टार्टर आला, पहिला घास घेतला आणि डोक्यात खडी फोडण्याचं यंत्र सुरू झालं. कान बंद केले की हाडांमधून येणारा स्वतःच्या चावण्याचा आवाज आत कोंडतो आणि कितीतरी मोठा होतो. आधीच कुरकुरीत असलेला पदार्थ जगातला सर्वात कुरकुरीत पदार्थ झाला. मी नऊ दिले, नवऱ्याने साडेपाच. कुरकुर मोठी ऐकवली की तोच चिप्स लोकांना जास्त ताजा वाटतो, हे झाम्पिनी आणि स्पेन्स यांनी २००४ मध्ये दाखवलं आणि त्याबद्दल २००८ मध्ये इग्नोबेलही (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळवलं. म्हणजे गोंगाट काढायला गेलो आणि दुसराच गोंगाट आत घेऊन बसलो. शिवाय वेटर तीनदा काहीतरी विचारून गेला आणि मी तिन्ही वेळा हसून मान डोलावली; त्यातून न मागवलेलं एक पेय टेबलावर आलं. त्याला गुण दिलेले नाहीत.

दुसरी कल्पना पार्सलची. तेच पदार्थ घरी आणून शांततेत खायचे. ही मी बसल्या जागी मोडीत काढली. बंद डब्यात वाफ कोंडते, स्टार्टर घरी पोचेपर्यंत गळून गेलेला असतो. चवीचा नाही, डब्याचा निकाल लागला असता.

मधल्या काळात नवऱ्याने तापमानाचा संशय धरला. गर्दीत ताट खिडकीत ताटकळत राहतं, गार होतं, हा तर्क वाईट नव्हता. गरम असताना गोडी जास्त जाणवते हे खरंच आहे. पण त्याने मागवली इन्फ्रारेड बंदूक. तिला फक्त वरचा पृष्ठभाग कळतो, आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही, आणि चकचकीत धातूच्या भांड्यावर रोखली तर वाटेल तो आकडा दाखवते. विकणाऱ्याने पाठवलेल्या माहितीपत्रकात यातलं काही नव्हतं. तापमान मोजायचंच असेल तर सुईचा थर्मामीटर घ्या. आणि तो भर रेस्टॉरंटमध्ये ताटात खुपसायचा असेल तर आम्हाला शेजारच्या टेबलावर बसवू नका.

आवाज मोजायच्या अ‍ॅपबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं मोफत अ‍ॅप मला सगळ्यात विश्वासाचं वाटलं, पण ते फक्त आयफोनवर. अँड्रॉइडचे फोन इतक्या कंपन्यांचे आणि प्रत्येकाचा माइक निराळा, त्यामुळे सगळ्यांवर सारखा आकडा येईल याची हमी देणं अवघड. नवऱ्याच्या फोनवरचं मोफत अ‍ॅप माझ्या फोनशेजारी ठेवलं तर सहा-सात डेसिबल कमी दाखवतं. त्यामुळे वर दिलेला ८१ हा आकडाही थोडा कमीच समजा. खरा आकडा कळला नाही तरी चालेल, पण फोन दर वेळी एकच वापरा, टेबलाच्या मधोमध ठेवा आणि मापताना आपण गप्प बसा. संध्याकाळ पुढे सरकते तसा आकडा कसा चढतो ते बघण्यासारखं असतं. शेजारचा मोठ्याने बोलतो म्हणून आपण मोठ्याने, आपण मोठ्याने म्हणून तो आणखी मोठ्याने. याला लोंबार परिणाम म्हणतात. एकदा तो सुरू झाला की स्पीकर बंद करूनही लगेच शांतता होईलच असं नाही. नायॉशचीच शिफारस आहे की आठ तास काम करणाऱ्याच्या कानावर सरासरी ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज पडू नये. आपण दोन तासांनी उठून जातो, वाढणाऱ्यांचं काय, हा विचार त्यानंतर डोक्यातून गेलेला नाही.

आणि मग सरळसोट उपाय. दार उघडताना आत, कोपरा टेबल, तेच तिन्ही पदार्थ. ५८ डेसिबल. वारीचा वार सोडून अधल्यामधल्या दिवशी गेलो, नियमात बसत नाही, पण थांबवत नव्हतं. डेझर्ट साडेआठ! दोघांच्याही कार्डांवर, एकमेकांना न दाखवता. मला त्या छोट्याशा वाटीचा इतका आनंद झाला की खरवडून संपवली आणि मग आठवलं की तिसऱ्या घासाच्या पुढचं काही मोजायचं नसतं. मेन कोर्स आठ. आचारी निर्दोष सुटला, नवऱ्याने तसं कबूल केलं, मी ते कार्डाच्या मागे तारखेसह लिहून घेतलं.

पण स्टार्टर साडेसहावरच अडला. शांतता आहे, गरम आहे, कुरकुरीत आहे, आणि तरी साडेसहा. इथे दोन दिवस डोकं आपटलं. भूक? तशीच होती. क्रम? तोच. बार्बरा रोल्स यांच्या चमूने १९८१ मध्ये दाखवलं होतं की जो पदार्थ आपण खातोय त्याची आवड जेवतानाच उतरते, न खाल्लेल्यांची मात्र तितकी नाही. पण ते एकाच जेवणापुरतं, आणि आम्ही तिसऱ्या घासालाच मोजतो. माझा अंदाज असा की पहिल्या वेळी त्या स्टार्टरने आम्हाला चकित केलं होतं. आत काय असेल याची कल्पना नव्हती. आता ती आहे, आणि ती कशानेही काढून टाकता येत नाही. म्हणजे जुने साडेआठ खरे की आताचे साडेसहा? नवरा म्हणतो आताचे, कारण भर ओसरलाय. मला वाटतं चकित करणं हाही आचाऱ्याच्या कौशल्याचाच भाग आहे, त्याचे गुण कापायचे का?

इथपर्यंत लिहून पुढच्या वारीला कोरी जागा घेणार असं टाकणार होते. नावही ठरलं होतं. पण हे लिहिताना नवरा मागून वाचत होता आणि त्याने त्याचाच जुना मुद्दा पुढे केला: आपण दोघंच आहोत. आपल्या जिभा आता कोऱ्या राहिलेल्या नाहीत, मग कोऱ्या जिभा आणूया. म्हणजे असं: ज्यांनी ती जागा पाहिलेलीच नाही असं एक जोडपं बरोबर न्यायचं. आमचे गुण त्यांना सांगायचे नाहीत, स्टार्टरचं वर्णन करायचं नाही, त्यांनी मेनूतलं नावसुद्धा वाचायचं नाही, मागवायचं आम्ही. कार्डं चार, पालथी. त्यांचा आकडा साडेआठच्या जवळ आला तर चकित होण्याचा भाव दोन गुण धरायचा आणि यादीतल्या सगळ्या ‘पहिल्या भेटी’ त्या हिशोबाने पुन्हा तपासायच्या. साडेसहाच्या जवळ आला तर आचारी खरंच ढिला पडलाय, आणि मला कार्डामागचं ते कबुलीचं वाक्य खोडावं लागेल.

अडचण एकच. ज्या मित्रांना विचारलं ते म्हणाले, जेवताना बोलायचं नाही हे कसलं बाहेर जाणं? फक्त तीन घास, असं समजावलंय. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर कार्डावर चौथा रकाना ओढलाय: डेसिबल, बसल्यावर आणि उठताना. आणि पाचवा, छोटासा: यातलं आधी काही खाल्लंय का, हो किंवा नाही. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुन्या कार्डांच्या मागे वेळ आणि टेबलाची जागा लिहिलेली असेल, त्यांनी ती एकदा गुणांशी ताडून बघा आणि कळवा. स्पीकरखालच्या टेबलांचं डेझर्ट सगळीकडेच मार खातं का, ते मला बघायचंय.