फिंगरलिंग बटाटे, तिसरा हंगाम: बेणं कुठल्या झाडाचं?

गेल्या हंगामातली चूक आधी सांगते, कारण यंदाची सगळी नोंद तिच्याभोवतीच फिरते. काढणीनंतर मोठे बटाटे खायला घेतले आणि उरलेले बारीक बेण्यासाठी ठेवले. फिंगरलिंग मुळातच बोटाएवढा, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. पण विषाणू लागलेल्या झाडाचे बटाटेही बारीकच राहतात. म्हणजे नकळत मी सगळ्यांत कमजोर झाडांचंच बेणं निवडलं होतं.

जुन्या वाणांत हे फार नडतं. पिंक फर ॲपल एकोणिसाव्या शतकापासून लावला जातोय, आणि तो बियांवरून नाही, बटाट्यावरून बटाटा असाच आपल्यापर्यंत आलाय. माझ्या वाफ्यातलं झाड हा त्या मूळ झाडाचाच एक तुकडा. चव, रंग, वेडावाकडा आकार सगळं जसंच्या तसं उतरतं, आणि वाटेत शिरलेला विषाणूही बेण्यातून पुढे जातो. तो कुठल्याही फवारणीनं निघत नाही.

लागवड

एकूण २४ बेणी: १२ पिंक फर ॲपल, १२ रशियन बनाना. तीन आठवडे ट्रेमध्ये एका थरात, उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवली. बहुतेकांना जाड, आखूड कोंब आले. पाचांचे कोंब मात्र दोऱ्यासारखे. तेव्हाच ती बाजूला काढायची, पण टाकवेनात, लावली. बेणं अख्खंच लावलं. एवढ्याशा बटाट्याचे तुकडे केले तर कोंबाला सुरुवातीला पोसायला काही उरत नाही. १० सेंमी खोल, दोन झाडांत ३० सेंमी अंतर.

दिवस २६

२२ उगवली. पहिली भर दिली, म्हणजे खोडाशी माती चढवली.

दिवस ४१

हा दिवस महत्त्वाचा. पाच झाडं शेजारच्यांच्या निम्म्या उंचीची, ताठ उभी. त्यांची खालची पानं कडेनं आत वळून पन्हाळीसारखी झालेली. पाणी कमी पडलं तरी पानं वळतात, म्हणून हात लावून पाहिलं. तहानलेलं पान मऊ, लुळं लागतं. ही पानं जाड, ताठ होती आणि फांदी हलवली की एकमेकांवर घासून कागदासारखी कुरकुरत होती. पर्णगुच्छ (पानं बारीक होऊन झुपके येणारा रोग) नव्हे, मोझॅक (पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा रोग) नव्हे, पानं गुंडाळणारा विषाणूच. खालच्या पानांपासून सुरुवात झाली होती, म्हणजे रोग बेण्यातूनच आलेला.

पाचही झाडं मुळासकट, खालच्या गोटीएवढ्या बटाट्यांसकट काढली. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना हा विषाणू सोबत नेतो, त्यामुळे 'बघू अजून आठवडाभर' म्हणायची सोय नाही. उरलेल्या १७ झाडांची पानं रोज उलटून पाहिली आणि मावा दिसला की बोटांनी पुसून काढला.

दिवस ५८

दुसरी भर, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. फिंगरलिंगला भर जरा जास्तच द्यावी असं माझं ठाम मत झालंय. लांबट बटाट्याचं एक टोक वर डोकावतं, उजेडानं हिरवं पडतं आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. असा बटाटा खायचा नाही.

त्याच दिवशी सगळ्यांत निरोगी सहा झाडांशेजारी काठ्या रोवल्या. पाला वाळला की चांगलं झाड आणि वाईट झाड सारखंच दिसतं. बेण्याची निवड पाला हिरवा असतानाच करावी लागते.

दिवस ७० च्या आसपास

कडक ऊन, आणि मी पाच दिवस पाणी देऊ शकले नाही. आल्यावर भरपूर दिलं. त्याचा हिशेब पुढे काढणीत निघाला.

दिवस ११८, काढणी

पाला पूर्ण पडल्यावर दोन आठवडे बटाटे मातीतच राहू दिले, साल पक्की व्हायला. अंगठ्यानं घासून पाहिलं, साल सुटली नाही, मग खणायला घेतलं. प्रत्येक झाड वेगळं खणलं, वेगळ्या टोपलीत ठेवलं. वेळखाऊ काम, पण यंदा ते टाळायचंच नव्हतं.

काठीवाल्या सहा झाडांना मिळून ५.१ किलो, म्हणजे झाडामागे ८५० ग्रॅम. बाकीच्या ११ झाडांना ६.६ किलो, झाडामागे ६०० ग्रॅम. माती तीच, पाणी तेच.

रशियन बनानाच्या बऱ्याच बटाट्यांना मधोमध कंबर आहे. एक बटाटा उभा चिरून पाहिला: एका टोकाला फुगीर, मग अंगठीएवढा आवळलेला, मग पुन्हा फुगीर. पाणी तुटलं तेव्हा वाढ थांबली, भरपूर मिळाल्यावर पुन्हा सुरू झाली. पिंक फर ॲपलला गाठी मुळातच असतात, त्यामुळे तिथला दोष वाणाचा की माझा, हे ओळखू येत नाही.

आता बेण्यासाठी सहा झाडांचे मध्यम, न दुखावलेले बटाटे घेतलेत. प्रत्येक झाडाचे आठ, एकूण ४८. दोन आठवडे अंधारात, हवेशीर जागी पसरून ठेवलेत, म्हणजे बारीक ओरखडे भरून येतील. मग सहा कागदी पिशव्यांत घालून फ्रिजमध्ये, फळांपासून लांब. पिशव्यांवर झाडांचे क्रमांक टाकलेत: ३, ४, ९, १३, १७, २०. पुढच्या हंगामात प्रत्येक पिशवीची ओळ वेगळी असेल. माझी सगळ्यांत जास्त आशा ९ वर आहे. त्या एका झाडाला ३१ बटाटे लागले होते आणि एकही हिरवा नव्हता.