तुम्ही विचारलंत म्हणून : चालती भट्टी का मोडली

"चालती भट्टी का मोडलीत?" हा प्रश्न मला २०१३ सालापासून इतक्या जणांनी विचारला आहे की, आता विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच मी उत्तर ठरवतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वयाच्या कारखानदाराने विचारले तर कोकचा, म्हणजे भट्टीत जाळायच्या भाजलेल्या दगडी कोळशाचा, भाव आणि त्यातली राख सांगतो. अभियांत्रिकीची मुले प्रकल्पाचा अहवाल लिहायला येतात, त्यांना माझ्या तोंडून पर्यावरण हा शब्द हवा असतो; तो मी त्यांना देतो, चहाही देतो. खानापूरकडच्या लग्नात पंगतीत कोणी विषय काढला तर "हल्ली माणसे कुठे मिळतात" एवढे पुरते. यांतले एकही उत्तर खोटे नाही, पण यांतल्या एकाही कारणासाठी मी भट्टी मोडली नाही. तुम्ही विचारलेत आणि उत्तर ऐकायला बसूनही राहिलात, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा क्युपोला, म्हणजे बीड (ओतीव लोखंड) वितळवायची कोकवरची उभी भट्टी, वडिलांनी १९७९ साली उभा केला. वरून कोक, बीड, भंगार आणि चुनखडी यांचे थर टाकायचे, खालून ब्लोअरचा झोत सोडायचा, तळाच्या भोकातून वितळलेल्या लोखंडाचा रस काढायचा आणि संध्याकाळी तळ उघडून उरलेला निखारा खाली पाडायचा, ही पद्धत तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. एक टन बीड वितळवायला आमच्याकडे सुमारे १३० किलो कोक लागे. तो आकडा १२० वर आणणे ही आधी वडिलांची आणि मग माझी महत्त्वाकांक्षा होती, आणि तिचा पर्यावरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

किंबहुना माझे मत नेमके उलट होते. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या कारखान्यांना कोक आणि कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळा, नाहीतर तिथून हला, असा आदेश दिला. आग्र्याच्या ओतकामवाल्यांचे क्युपोला त्यात आले. आज आग्रा, उद्या बेळगाव, अशी भीती आमच्याकडे पसरली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि एका बैठकीत मोठ्या आवाजात म्हणालो, "एका बेगमेच्या कबरीचा दगड पांढरा राहावा म्हणून जिवंत माणसांच्या चुली विझवायच्या काय?" वाक्य लोकांना फार आवडले, म्हणून पुढच्या दोन-तीन बैठकांतही मी ते वापरले. आज त्या तरुणाशी वाद घालायला बसलो तर तो मला सहज हरवील असे वाटते, कारण चुलींविषयी तो बरोबरच बोलत होता. त्याच्या हिशेबात धूर फक्त दगडाला लागत होता, एवढेच.

आता जुलै २०१२. चार दिवस पाऊस उघडला नव्हता आणि पश्चिमेचा वारा सगळे पाणी चार्जिंगच्या माळ्यावर, म्हणजे भट्टीत माल टाकायच्या वरच्या मजल्यावर, आणून टाकत होता. कोक भिजत होता. ओला कोक आत गेला की रस थंड येतो आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, खोट निघते, म्हणून माळ्याच्या दोन बाजूंना ताडपत्री बांधायला सांगितले. सांगणारा मीच होतो, आणि त्या वेळी ते शहाणपणाचेच वाटले होते.

माळ्यावर मामा असत. येळ्ळूरचे, वडिलांच्या काळापासूनचे, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. ते मला मालक म्हणत, पण रागवायचे झाले तर भाच्यावर रागवावे तसे रागवत. टाकलेल्या चार्जचा, म्हणजे मालाच्या एकेका खेपेचा, हिशेब ते वहीत ठेवत नसत. माळ्याच्या पत्र्यावर खडूने चार उभ्या रेघा आणि त्यांना छेद देणारी पाचवी आडवी, असे त्यांचे गठ्ठे चालत, आणि महिन्याच्या शेवटी ते गठ्ठे आमच्या वहीपेक्षा बरोबर निघत. शिडीपाशी सुरक्षेची पाटी होती. तिच्यावर कन्नडमध्ये 'अपाय' लिहिले होते, म्हणजे धोका. मामा म्हणत, "कन्नडात अपाय व्हायच्या आधी लिहितात, आमच्यात झाल्यावर म्हणतात."

क्युपोलाच्या तोंडाशी एरवी निळसर ज्वाळा असते. भट्टीतून वर येणारा कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळून जातो. ओला माल पडला की ज्वाळा विझते आणि वायू तसाच बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. हे मला पाठ होते, डिप्लोमाच्या परीक्षेत मी ते लिहिलेही होते. विझलेली ज्वाळा आणि दोन बाजूंची ताडपत्री या दोन गोष्टी मात्र मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

साडेतीनच्या सुमारास मामा अर्धी शिडी उतरून आले आणि म्हणाले, "मालक, डोकं धरायलंय. मळमळायलंय पण." खाली पंपाच्या बॉड्यांचे साचे तयार होते, चार चार्ज उरले होते, आणि क्युपोला अर्ध्यावर थांबवला तर आतला माल गोठतो, मग दोन दिवस फोडत बसावे लागते. मी म्हणालो, "चारच राहिलेत, मामा. तेवढे टाका आणि मग घरी जावा." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले, "बरं" म्हणाले आणि वर गेले.

वीसेक मिनिटांनी ब्लोअरचा आवाज मोकळा झाला. मालाची पातळी उतरली की झोताचा आवाज असा बदलतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो झोपेतही कळतो. मी खालून हाक मारली, उत्तर आले नाही. साचे करणारा एक मोल्डर पोरगा वर चढला. त्याने मामांना कोकच्या ढिगाला टेकून बसलेले पाहिले, मांडीवर रिकामे घमेले होते. तो ओरडला आणि मग स्वतःच खाली बसला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ब्लोअर बंद करायला सांगून मी खालूनच ताडपत्रीच्या दोऱ्या कोयत्याने तोडल्या. दोघे जण नाकाला ओला टॉवेल बांधून वर गेले. त्या वायूपुढे ओल्या टॉवेलचा काहीही उपयोग नसतो, हे त्या क्षणी आम्हा कोणालाच आठवले नाही. पोरगा पावसात आणून बसवल्यावर दहा मिनिटांत बोलू लागला. मामा बोलले नाहीत. रुग्णालयात त्यांना ऑक्सिजनवर ठेवले, दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले, सहाव्या दिवशी घरी गेले. मी नारळ फोडला आणि पुढच्या आठवड्यात ताडपत्रीऐवजी पत्रे मारता येतील का याची चौकशी केली, हेही लिहून ठेवतो.

तीन आठवड्यांनंतर मामांची चाल बदलली. पावले लहान पडू लागली, बोलता बोलता शब्द हरवू लागले. या वायूचा मेंदूवरचा परिणाम कधी कधी असा उशिरा दिसतो, असे डॉक्टर म्हणाले. पुष्कळसे भरून येईल, सगळे येईलच असे नाही. जानेवारीत मामा कामावर यायचे म्हणून स्वतःहून आले. मी त्यांना माळ्यावर जाऊ दिले, भट्टी बंद होती. त्यांनी खडू घेतला आणि पत्र्यावर चार उभ्या रेघा काढल्या. पाचवीही उभी काढली. मग सहावी, सातवी, आणि तशाच पुढे, पत्रा संपेपर्यंत.

भट्टी मोडायचे मी त्या दिवशी ठरवले.

लगेच माझी बाजूही मांडतो. कायद्याने देय होती ती भरपाई मी दिली, वरही दिली, आणि मामांच्या घरी पगार आजही जातो. कोणी मला कोर्टात खेचले नाही. पण माझा मुलगा इंजिनिअर आहे आणि त्याचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. तो म्हणतो की माळ्यावर वायू ओढून नेणारा पंखा बसवला असता आणि वायूची सूचना देणारी भिंतीवरची घंटा लावली असती, तर तो क्युपोला आणखी वीस वर्षे चालला असता. दुहेरी झोताचा केला असता तर कोकही वाचला असता. "तुम्ही ताडपत्रीचा दोष कोकच्या माथी मारलात, बाबा." क्युपोलावर नऊ माणसे होती. विजेच्या भट्टीवर त्यांतली चारच सामावली. उरलेले पाच जणही हाच प्रश्न विचारतात, फक्त ते चहाला थांबत नाहीत.

आणि सर्वांत जास्त वेळा विचारतात ते मामाच. त्यांना तो दिवस आठवत नाही. गणपतीला, दिवाळीला, कधी नुसतेच येतात, रिकाम्या जागेकडे बघतात आणि म्हणतात, "भट्टी का मोडली, मालक? चांगली होती की." त्यांना मी कोकचा भाव सांगतो.

क्युपोलाचे कवच गॅस कटरने कापून आम्ही नव्या विजेच्या इंडक्शन भट्टीच्या पहिल्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्याच वितळणीत, वितळवले. धूर संपला. शेडच्या मागच्या आंब्याची पाने धुतल्यासारखी दिसू लागली, लोक पुष्पगुच्छ घेऊन आले, आणि पर्यावरणप्रेमी उद्योजक हे शब्द माझ्या नावामागे पहिल्यांदा लागले. मी ते नाकारले नाहीत. मग एका ग्राहकाने फॉर्म पाठवला : टनामागे किती कार्बन डायऑक्साइड? मुलाने कागदावर हिशेब मांडला. जुन्या भट्टीत १३० किलो कोक म्हणजे साधारण साडेतीनशे ते चारशे किलो. नव्या भट्टीत टनाला सुमारे ६०० युनिट वीज लागते, आणि देशातल्या विजेची सरासरी धरली तर युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास येते, म्हणजे सव्वाचारशे. मी दोनदा बेरीज तपासली. कर्नाटकात शरावतीची जलविद्युत आहे, पावगड्याचे २०५० मेगावॉटचे सौर उद्यान आहे, त्यामुळे आमचा खरा आकडा सरासरीहून कमी असणार. पण विजापूर जिल्ह्यात कुडगीला २४०० मेगावॉटचे औष्णिक केंद्रही आहे. कर्नाटकात कोळशाची एकही खाण नाही, म्हणजे तिथला कोळसा परराज्यातून आगगाडीने येतो, आणि पाणी जाते ते आमच्याच चिकोडी-अथणीतून वाहत गेलेल्या कृष्णेचे, आलमट्टीच्या जलाशयातून. माझा धूर त्या चिमणीतून निघत असेल तर तिथल्या माळ्यावर कोण उभे आहे, हे मला ठाऊक नाही.

मधला मार्ग म्हणून अनेक जण नैसर्गिक वायू सुचवतात. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी वाहिनी २०१३ पासून आमच्या जिल्ह्यातूनच जाते. पण तोही जमिनीतूनच उपसलेला, आणि पुन्हा एकदा भट्टी बदलायची ती दुसऱ्या खनिज इंधनासाठी, एवढे त्राण माझ्यात नाही.

त्यात आम्ही ओततो काय, ते पाहा : डिझेल इंजिनांची फ्लायव्हील, ट्रॅक्टरची हाउसिंग, पंपाच्या बॉड्या. उद्या सगळी वाहने विजेवर गेली तर सिलिंडर ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कोणाला लागणार नाहीत, आणि उद्यमबागेतल्या कित्येक शेडमधले पॅटर्न, म्हणजे साच्यांचे लाकडी नमुने, लाकडाच्या भावाने जातील. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच गावात १८८८ साली सायकलचे दुकान काढले होते, याची आठवण भाषणांत निघते. पुढची सव्वाशे वर्षे आम्ही इंजिनांवर जगलो, हे कोणी म्हणत नाही. म्हणून पर्याय हवा असे मी म्हणतो तेव्हा माझा आवाज बसतो. तो हवा आहे, आणि तो आला तर माझ्या अर्ध्या ऑर्डरी जाणार आहेत.

तरीही जमेल ते केले. शेडचे छप्पर सहा हजार चौरस फुटांचे आहे, त्यावर साठ किलोवॉटची सौर पाने बसली. वर्षाची सरासरी धरली तर त्यातून दिवसाला अडीचशेच्या आत युनिट निघतात. रोज चार टन वितळवायला मला चोवीसशे लागतात. म्हणजे एक दशांश, आणि आमच्या पावसाळ्यात तोही नाही. २०२२ च्या नियमांनी बाहेरून हरित वीज विकत घेण्याची किमान मर्यादा एक मेगावॉटवरून शंभर किलोवॉटवर आणली, त्यामुळे माझ्याएवढ्या लहान कारखान्यालाही आता ते दार उघडे आहे. सौंदत्तीकडच्या पवनचक्क्या पावसाळ्यात, रात्रीसुद्धा, जोरात फिरतात. तो वारा मला हवा तेव्हाचा आहे. मुलाने अर्ज भरून ठेवला आहे. त्यात वीस-पंचवीस वर्षांचा करार आहे आणि मी साठी ओलांडली आहे. सही करताना मला दर वेळी ते चार चार्ज आठवतात, की घाईने काही ठरवू नये. आणि लगेच हेही आठवते की त्या दिवशी घाई नव्हे, थांबणे चुकले होते, कारण थांबायला हवे होते तिथे मी थांबलो नाही. यातून सहीच्या बाजूने काय निघते आणि विरुद्ध काय निघते, हे मला सुटलेले नाही.

तोवर वीज रात्री दहानंतर स्वस्त असते म्हणून मी रात्रीच वितळवतो. सूर्य नसतो, छपरावरची पाने झोपलेली असतात, आणि त्या वेळी तारेतून येणारी वीज कुठून आली हे मी मीटरवाल्याला विचारलेले नाही.