म्हातारीचं माहेर

परवा दुपारी गॅलरीच्या दारातून एक म्हातारी घरात आली. पंख्याच्या वाऱ्यावर दोन गिरक्या घेतल्या, टीव्हीवर जरा टेकली, पुन्हा उठली. मुलानं मोबाइलमधून मान वर काढली आणि म्हणाला, "बाबा, कापूस उडतोय." मला वाईटच वाटलं. हिच्यामागे धावताना आमचे गुडघे फुटायचे, आणि हा तिला कापूस म्हणतो!

तिचं माहेर मला माहीत होतं. सोसायटीमागच्या पडीक प्लॉटवर, राडारोड्याच्या ढिगात रुईचं झुडूप आहे. शनिवारी पहाटे एक मावशी त्याची पानं खुडून नेतात, मारुतीच्या माळांसाठी. एरवी त्याच्याकडे कुणी बघत नाही. गुरंही सहसा तोंड लावत नाहीत. पान तुटलं की पांढरा चीक ठिबकतो. गावाकडे पायात काटा मोडला की आजी हाच चीक लावायची, आणि लावता लावता बजावायची, "हात डोळ्याला लावशील तर बघ!"

त्या झुडपाशी मी एकदा तासभर उभा होतो. जास्वंदीचा पराग बोटाला पिठीसारखा लागतो, रुईचा लागत नाही. रुईनं तो मेणचट पिवळ्या पिशव्यांत बांधून ठेवलेला असतो. दोन पिशव्या आणि मध्ये एक इवलासा चिमटा, असे पाच जोड एका फुलात. मोठा काळा भुंगा मधासाठी येतो. फुलाच्या मधला मुकुट गुळगुळीत, त्यामुळे त्याचा पाय घसरून फटीत अडकतो. तो हिसका देतो, चिमटा पायाला बसतो आणि भुंगा पिशव्या लोंबकळवत निघतो. लग्नघरातून निघालेल्या पाहुण्याच्या हातात बळेच डबे कोंबावेत, तसं. पुढच्या फुलात ती पिशवी नेमक्या फटीत बसायला हवी, कुलपात किल्ली बसावी तशी. बहुतेक वेळा बसत नाही. म्हणून झुडपावर फुलं ढीगभर आणि फळं मोजकी. पण बसली, तर एकाच पिशवीत अख्ख्या फळाला पुरेल इतका पराग. म्हणजे एका फळातल्या साऱ्या म्हाताऱ्या बहुधा एकाच बापाच्या!

या फुलानं शास्त्रज्ञांनाही दमवलं. लिनियसनं 1753 मध्ये रुईला नाव दिलं. पुढे रॉबर्ट ब्राउननं 1810 मध्ये या पिशवीवाल्या मंडळींना कण्हेरीच्या कुळातून वेगळं काढून त्यांचं स्वतंत्र कूळ मांडलं. त्यांच्यात फलन होतं कसं, याचा शोध घेतानाच त्यानं पेशीच्या केंद्रकाला नाव दिलं, 1831 मध्ये. पाण्यातल्या बारीक कणांच्या सैरावैरा हालचालीला ज्याचं नाव आहे, तोच हा ब्राउन. आमच्या हॉलमधली म्हातारी बघून तो खूश झाला असता. त्यानं केलेली वाटणी मात्र टिकली नाही. 1998 मध्ये नव्या वर्गीकरणानं, जनुकांचा पुरावा बघून, दोन्ही घरं पुन्हा एक केली. आता रुई, कण्हेर, देवचाफा, तगर, सदाफुली, सातवीण सगळी एकाच कुळातली. करवंदसुद्धा! करवंदं खाऊन ओठ चिकट झाले की आजी म्हणायची, "चिकाची जात ती." आजी कधी शाळेत गेली नव्हती. (चीक फणसालाही असतो आणि तो या कुळातला नाही, हे मी तिला सांगितलं नसतं.)

म्हातारी हे नाव तेवढं चुकलंय. उन्हानं फळ तडकतं, आत कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या चपट्या तपकिरी बिया, प्रत्येकीच्या टोकाला रेशमी झुबका. केस पांढरे आहेत, पण पोर नुकतीच घराबाहेर पडली आहे.

मी तिला अलगद ओंजळीत धरली. मुलगा उठून जवळ आला. "फुंकू?" गॅलरीत जाऊन त्यानं जोरात फुंकर घातली. ती वर गेली, नारळाच्या झावळीला वळसा घालून समोरच्या गच्चीवर उतरली. तिथं शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या, सकाळीच घातलेल्या, अजून ओल्या. गव्हाच्या चिकात म्हातारी पक्की चिकटली.

"अरे, कोण कापूस उडवतंय रे?" काकू ओरडल्या.

"कापूस नाही काकू," मुलगा ओरडला, "म्हातारी आहे!"

मग आम्ही दोघं पटकन खाली वाकलो.