पुसता पुसता राहिलेला ठिपका

जुन्या छायाचित्रांच्या स्कॅनवरील धूळ, बुरशी आणि ओरखडे काढणे हे माझे रोजचे काम आहे. गेल्या पावसाळ्यात अमेरिकेतील एका ग्राहकाकडून तिथल्या पंचमहासरोवरांच्या काठावरील रेल्वे-धक्क्यांची कृष्णधवल चित्रे आली. त्यांतील एकाच जहाजाच्या दोन चित्रांमागे ‘लोहखनिज भरताना’ असे पेन्सिलीने लिहिलेले होते. धक्क्यावर कोकणात विहिरीचे पाणी उपसायच्या लाटेसारखी (आडव्या तुळईच्या टोकाला लटकणाऱ्या दांड्याची), पण कित्येक मजली उंच यंत्रे उभी होती आणि त्यांचा उभा दांडा थेट जहाजाच्या पोटात उतरत होता.

चित्र चारशे टक्के मोठे करून मी पट्ट्यापट्ट्यांनी साफ करत होतो. दांड्याच्या खालच्या टोकाशी, पंजाच्या जरा वर, एक पांढुरका ठिपका आला आणि सवयीने मी त्यावर ब्रश फिरवलाही; पण लगेच काहीतरी खटकले. प्रतीवर बसलेल्या कणाची कड नेहमी धारदार असते आणि हा ठिपका तर आजूबाजूच्या लोखंडाइतकाच धूसर होता. मी बदल मागे घेतला.

शोधाशोध करताना छायाचित्रकार जॅक डेलानो यांनी मे १९४३ मध्ये क्लीव्हलँड येथे, पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या धक्क्यावर टिपलेली रंगीत चित्रे सापडली. यंत्रे तीच होती: ह्यूलेट. पंजाच्या वर, दांड्याच्या आतच चालकाची जागा असे आणि एका घासाला सुमारे सतरा टन खनिज उचलणाऱ्या त्या पंजाबरोबर तोही दर खेपेला जहाजाच्या तळाशी जाऊन वर येत असे. त्याआधी हेच काम जहाजात उतरलेले मजूर फावड्यांनी करत. ज्याला मी धूळ समजलो, तो त्या जागी बसलेला माणूस होता.

मग पाठीवरची नोंदही चुकीची ठरली, कारण ह्यूलेट जहाज रिकामे करत असे. याच सरोवरांकाठच्या डुलुथसारख्या बंदरात खनिज उंच धक्क्यावरील कप्प्यांतून पन्हळींवाटे आपोआप घरंगळत जहाजात पडते. भरण्यासाठी पंजा लागतच नाही. गोव्यातल्या वास्कोत वाढलेल्या माझ्या सहकाऱ्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, “अरे, पाण्याची रेघ बघ ना!” बार्जेस बघत मोठा झालेला माणूस तो. दुसऱ्या चित्रात जहाज पाण्यावर स्पष्टपणे वर आलेले होते, म्हणजे ते रिकामे होत होते. मी मात्र दोन दिवस नुसते ओरखडेच बघत होतो.

फाइल पाठवली, तर दुसऱ्या दिवशी ती परत आली. पंजाच्या वर एक डाग राहून गेला आहे, असा शेरा होता. मी तेवढाच भाग मोठा करून पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, “हा चालक आहे.”