साठवणीचे घर

रविवार, रात्री

उत्तर कसब्यातले घर सोडून जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, की एवढ्याशा जागेत वावरायला अडचण होत नाही का. वाटण्या झाल्या, जुने घर विकले गेले आणि वाट्याला आलेल्या रकमेत ४८० चौरस फुटांचे चटई क्षेत्र बसले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. दोन माणसांना वावरायला ही जागा पुरते. पुरत नाही ती साठवायला, आणि सोलापुरातले जुने घर हे मुळात साठवणीसाठीच बांधलेले असते, हे सामान लावताना रोज नव्याने कळते आहे.

पाण्याचेच घ्यावे. ११७ टीएमसीचे उजनी धरण याच जिल्ह्यात असूनही शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, हे पुण्यातल्या नातेवाइकांना सांगूनही पटत नाही. त्यामुळे तिकडच्या घरात अंगणात हौद होता, न्हाणीत दगडी रांजण होता आणि पिण्याच्या पाण्याच्या घागरींची उतरंड स्वयंपाकघराचा एक कोपरा अडवून बसलेली असे. इथे ती सगळी जबाबदारी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीने उचलली आहे, उन्हाळ्यात टँकरही येतो आणि नळ सोडला की पाणी येते. या एका बाबतीत लहान घर मोठ्या घरापेक्षा निश्चितच सुखाचे आहे. तरीही सिंकखाली दोन कळश्या भरून ठेवल्याशिवाय मला झोप येत नाही, आणि त्यावरून हे रोज हसतात.

ज्वारीचे मात्र तसे झाले नाही. रब्बीची सुगी संपली की मंगळवेढ्याकडची मालदांडी पोत्यांनी घ्यायची, गच्चीवर कडक उन्हात दोन-तीन दिवस पसरायची, दाताखाली दाणा कट्‌कन फुटला की वाळली असे समजायचे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथरांत घालून कोठी भरायची, हा सासूबाईंचा क्रम मी वर्षानुवर्षे चालवला. इथली गच्ची सामाईक आहे. तिथे धान्य पसरले तर कबुतरांपासून राखायला दिवसभर कोण बसणार? आता महिन्याला दहा किलो ज्वारी दुकानातून येते. दर महिन्याचा दाणा निराळा असतो, पीठ कधी चिकट तर कधी विरी गेलेले निघते, आणि भाकरी थापताना कडेला चिरते. कोठी मोडीत घालताना मला वाईट वाटले नव्हते, ते आता परातीपुढे बसल्यावर वाटते.

चटई क्षेत्राचा हिशेबही मजेशीर आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाहेरच्या भिंतींची धरत नाहीत. कसब्यातल्या घराच्या बाहेरच्या भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद होत्या. त्या हिशेबात त्यांची किंमत शून्य, पण पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला तरी दुपारी माजघरात पंख्याशिवाय पडता येत असे, ते त्यांच्याच जोरावर. इथे भिंती बारीक आहेत आणि एप्रिलची दुपार अजून यायची आहे.

सर्वांत अवघड प्रश्न अंथरुणांचा होता. गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक हिरेहब्बू वाड्यापासून निघते आणि आमचे घर तिथून जवळ, त्यामुळे संक्रांतीला अक्कलकोट, विजापूर, लातूरकडचे पाहुणे हक्काने आमच्याकडे उतरत. त्यांच्यासाठी दोन लोखंडी ट्रंका भरून सोलापुरी चादरी होत्या. आताच्या कपाटात त्यांतल्या सहा मावल्या. उरलेल्या जावांना आणि भाच्यांना दिल्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या होत्या त्या मात्र मी दिल्या नाहीत, कोऱ्या दिल्या. धाकटी जाऊ म्हणाली, “वहिनी, उलटं केलंत की हो!” पण मऊ चादरीला कोरीची सर येत नाही असे निदान मला तरी कधी वाटलेले नाही.

काल विजापूरहून वन्संचा फोन आला. “यंदा कुठं उतरायचं?” असे त्यांनी विचारले, तेव्हा नेहमीप्रमाणे या म्हणून मी सांगितले. दिवाणखान्यातला सोफा गॅलरीत सरकवला तर चार अंथरुणे नक्की पडतील. यांनी आज टेप लावून मोजूनही पाहिले. पाचवे कुठे घालायचे ते अजून ठरलेले नाही.