पाचशे शब्द आणि एक गोल टेबल

गेल्या महिन्यात पुण्याच्या मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं तू ती न्यूयॉर्कची लहान मुलांच्या लेखकांची कॉन्फरन्स केली होतीस ना, तिथे नक्की करतात काय? आपल्या संमेलनासारखं असतं का?" ती स्वतः पाच वर्षं मुलांसाठी गोष्टी लिहितेय आणि कुणालाच दाखवत नाहीये. मी व्हॉइस नोट पाठवायला घेतली ती अकरा मिनिटांची झाली, तरी निम्मं राहिलंच, मग म्हटलं सरळ लिहूनच टाकू, अजून कुणाला उपयोग झाला तर झाला.

तर, संमेलनासारखं नसतं. मी वाईची, विश्वकोशाच्या गावातली, आमच्या घरी साहित्य संमेलन म्हणजे सण. बाबा सुट्टी काढून जायचे आणि पिशवीभर पुस्तकं घेऊन यायचे. ग्रंथदिंडी, मांडव, अध्यक्षीय भाषण, पुस्तकांच्या स्टॉलवरची गर्दी, १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात जे सुरू झालं ते आजही लोक तितक्याच प्रेमाने करतात आणि मला त्याचं फार कौतुक आहे. पण तिथे स्टेजवर असतो तो लेखक, आणि समोर बसतो तो वाचक. ज्याची वही अजून कपाटात आहे, जो धड लेखकही नाही आणि नुसता वाचकही नाही, त्याला तिथे बसायला जागा कुठली? न्यूयॉर्कला मी ज्या हॉलमध्ये शिरले तिथे शेकडो माणसं होती आणि त्यातल्या बहुतेकांचं एकही पुस्तक आलेलं नव्हतं. नाटकाच्या प्रयोगाला जाणं आणि तालमीला जाणं यात जो फरक आहे ना, तोच.

ही कॉन्फरन्स भरवते ती संस्था म्हणजे एससीबीडब्ल्यूआय, म्हणजे मुलांसाठी लिहिणाऱ्यांची आणि चित्रं काढणाऱ्यांची सोसायटी. १९७१ मध्ये स्टीफन मूझर आणि लिन ऑलिव्हर या दोघांनी लॉस एंजेलिसला सुरू केली. दोघंही तेव्हा नवखेच होते, मुलांसाठी लिहायला कुणी शिकवत नाही, आपल्यासारखे अजून कोण आहेत ते शोधू, इतकीच कल्पना. त्याच वर्षी आपल्याकडे बालभारतीचं 'किशोर' मासिक सुरू झालं, हे मला नंतर लक्षात आलं तेव्हा फार छान वाटलं होतं. उन्हाळ्यातली मोठी कॉन्फरन्स लॉस एंजेलिसला आणि थंडीतली न्यूयॉर्कला, अशी त्यांची तेव्हा वर्षानुवर्षांची पद्धत होती. शिवाय ठिकठिकाणी त्यांचे चॅप्टर, म्हणजे शाखा, आहेत, भारतातही आहे.

मी गेले २०१६ च्या फेब्रुवारीत. त्या वीकेंडला न्यूयॉर्कला अशी थंडी पडली होती की रविवारी सकाळी सेंट्रल पार्कमध्ये पारा उणे अठरा सेल्सिअसला गेला. मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेन पकडून पेन स्टेशनला उतरले, एरवी तिथून ग्रँड सेंट्रलपर्यंत चालत गेले असते पण त्या दिवशी टाइम्स स्क्वेअरवरून शटल घेतली. ग्रँड सेंट्रलला लागूनच ते हॉटेल, ग्रँड हयात. फी, मेंबरशिप, शुक्रवारचं जादाचं सेशन सगळं धरून मला सातशे डॉलरच्या आसपास पडले होते. नवरा म्हणाला जा, पण माझ्या मनात शंका होती की अजून काहीच छापलेलं नाही आणि एवढे पैसे घालायचे का. आता विचाराल तर सांगेन, भाषणांसाठी एवढे पैसे घालू नका. त्या शुक्रवारच्या टेबलासाठी घाला.

राउंडटेबल म्हणतात त्याला. एका गोल टेबलाभोवती सात-आठ लेखक आणि त्यांच्याबरोबर एक एडिटर किंवा एजंट, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा. प्रत्येकाने आपल्या लिखाणाची सुरुवात आणायची, फक्त ५०० शब्द, सगळ्यांना पुरतील इतक्या कॉपी काढून. आपण मोठ्याने वाचायचं, आणि मग बाकीचे बोलतात तेव्हा आपण गप्प बसायचं. समजावून सांगायचं नाही, 'पुढच्या प्रकरणात ते येतं' असंही म्हणायचं नाही. हा गप्प बसण्याचा नियम मला आधी जाचक वाटला आणि आता वाटतं की सगळ्या कॉन्फरन्सचा जीव त्या नियमात आहे, कारण पुस्तक विकत घेणाऱ्या मुलाच्या शेजारी लेखक बसलेला नसतो खुलासे करायला.

माझी गोष्ट होती एका दहा वर्षांच्या मुलीची, न्यू जर्सीत वाढलेली, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे वाईला येते. सुरुवातीचे पाचशे शब्द मी सहा महिने घासले होते. आजोळचा वाडा, अंगणातली तुळस, चुलीचा वास, कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीच्या देवळातला गारवा, सगळं अगदी डोळ्यांसमोर उभं राहील असं. वाचताना माझाच आवाज भरून आला. वाचून झाल्यावर सगळे म्हणाले सुंदर आहे, वर्णन फार सुंदर आहे. मग त्या एडिटर बाईंनी कागद पुन्हा वरपासून वाचला आणि शांतपणे विचारलं, "या मुलीला काय हवंय?"

मी नियमाप्रमाणे गप्प. पण मला समजलं होतं की बोलायची परवानगी असती तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मग माझ्या उजवीकडे एक शाळेच्या लायब्ररीत काम करणाऱ्या बाई बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, हा वाडा ती मुलगी बघतेय की तुम्ही बघताय? बास. इतकंच. दुसऱ्या कुणाच्या तरी खारीच्या गोष्टीवर गाडी गेली.

परतीच्या ट्रेनमध्ये खिडकीला डोकं लावून मी तो कागद परत वाचला आणि सरळ दिसलं की त्यात दहा वर्षांची मुलगी नाहीच, त्यात आहे मी, अडतीस वर्षांची, आईच्या आठवणीने व्याकूळ झालेली. चुलीच्या वासाने गहिवरून यायला आधी ती चूल सुटलेली असावी लागते. न्यू जर्सीच्या मुलीला चुलीचा धूर डोळ्यांत जाईल, बाथरूममध्ये पाल दिसेल, वायफाय नसेल. आणि खरी गोष्ट तर वेगळीच, आजी तिच्याशी भराभर मराठीत बोलेल, तिला निम्मंच कळेल, आणि कळलं नाही हे सांगायची तिला लाज वाटेल. तिला काय हवंय? तिला आजीला कळू द्यायचं नाहीये की तिला आजीचं बोलणं कळत नाही! ही गोष्ट होती आणि ती माझ्या पाचशे शब्दांत कुठेच नव्हती. माझ्या स्वतःच्या लेकीकडे बघून हे मला कधीच कळायला हवं होतं, पण कळलं ते अनोळखी माणसांच्या टेबलावर.

मला वाटतं आपण मराठी माणसं मुलांसाठी लिहितो तेव्हा हे फार होतं, देशात काय आणि परदेशात काय. आपण मुलांसाठी लिहितोय म्हणतो आणि लिहितो आपल्या बालपणासाठी. आजोळ, आमराई, सुट्टी. ते वाचून मोठ्यांचे डोळे भरून येतात, आणि पुस्तक विकत घेणारे मोठेच असल्यामुळे हे लक्षातही येत नाही.

त्याच टेबलावर अजून एक निघालं. मी प्रत्येक मराठी शब्द तिरक्या टाइपात घातला होता आणि पुढे लगेच इंग्लिशमध्ये अर्थ. आमटी आली की लगेच डाळीचं अमुक. लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, तुमची मुलगी आमटी जेवताना मनात डाळीचं अमुक असं म्हणते का? मुलं अनोळखी शब्दाला घाबरत नाहीत, मोठी माणसं घाबरतात. तो काळही तसाच होता. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये मांडलेली गोष्ट तिथे सगळ्यांच्या तोंडी होती, की मुलांसाठी पुस्तक कधी आरसा असतं, स्वतःला बघायला, तर कधी खिडकी, दुसऱ्यांचं जग बघायला, आणि प्रत्येक मुलाला दोन्ही मिळायला हवं. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं एक केंद्र दर वर्षी मोजदाद करतं, त्यांच्या हिशोबात २०१३ मध्ये आलेल्या ३,२०० पुस्तकांपैकी फक्त ९३ काळ्या लोकांविषयी होती. त्यावरून २०१४ मध्ये इथे मोठी चळवळ झाली. आमटीचं स्पष्टीकरण खोडताना माझ्या डोक्यात हेच होतं, की माझ्या लेकीच्या आरशाखाली तळटीप कशाला हवी?

बाकी धंद्याच्या गोष्टी तिथे दोन दिवसांत इतक्या कळतात की वर्षभर नेटवर वाचून कळणार नाहीत. पिक्चर बुक साधारण ३२ पानांचं असतं कारण छपाईचा कागद घडी घातल्यावर आठ-सोळाच्या पटीत पानं होतात, आणि हल्ली त्यात मजकूर पाचशे शब्दांच्या आत असला तर बरं. चित्रकार लेखकाने शोधायचा नसतो, तो प्रकाशक ठरवतो, मराठीतल्या माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी आधी चित्रकाराला पैसे देऊन बसवलंय म्हणून हे मुद्दाम सांगतेय. आठ ते बारा वयाचं पुस्तक म्हणजे मिडल ग्रेड, बारा-तेराच्या पुढचं यंग अ‍ॅडल्ट, आणि हे दोन वेगळे प्रांत आहेत, आवाज वेगळा, राग वेगळा. आपल्याकडे सगळं 'बालकुमार' या एका शब्दात कोंबलंय आणि त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांची मुलं अधांतरी राहतात, मासिकं सुटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या झेपत नाहीत, मग ती इंग्लिशकडे जातात आणि परत येत नाहीत. मराठीत कुणी या वयासाठी लिहीत असेल तर त्याने यावर खरंच विचार करावा.

एजंट साधारण पंधरा टक्के घेतो, पुस्तक विकलं गेल्यावर. वाचायचेच पैसे मागणारा एजंट भेटला तर तिथून निघा. कॉन्फरन्सला आलेल्यांसाठी एरवी बाहेरचं लिखाण न घेणारे एडिटरही काही आठवडे दार उघडं ठेवतात, हा मोठा फायदा. पण लिफ्टमध्ये, जेवणाच्या रांगेत, वॉशरूमच्या बाहेर कुणाच्या हातात हस्तलिखित कोंबायचं नाही. एका बाईंना मी असं करताना पाहिलं, आणि त्या एडिटरच्या चेहऱ्यापेक्षा त्या बाईंचा चेहरा माझ्या जास्त लक्षात राहिलाय. सात राज्यं ओलांडून आलेला माणूस, त्याला वाटतं आत्ता नाही तर कधीच नाही. तसं नसतं हो. नंतर साधी ईमेल पाठवा, कॉन्फरन्सला भेटलो होतो म्हणून विषयात लिहा, पुरतं.

माझं पुढे काय झालं असं सगळे विचारतात. मी तीन एडिटर आणि चौदा एजंटना पाठवलं, घाई केली, तीच चूक झाली, कारण सुरुवात बदलली होती पण पुढची पानं जुनीच होती. बारा नकार आले, पाच जणांकडून काहीच नाही. त्यातला एक नकार दीड पानी होता, तो मी प्रिंट काढून ठेवलाय. कादंबरी अजून छापलेली नाही, तिसऱ्यांदा लिहून झालीय. पण त्या टेबलावरच्या लायब्ररीवाल्या बाई, त्या निघाल्या न्यू जर्सीच्याच! त्या आणि अजून दोघी, आम्ही चौघी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकमेकींची पानं वाचतो, लॉकडाऊनमध्ये झूमवर वाचली, एकीची केमोथेरपी चालू असताना तिच्या घरी जाऊन वाचली. न्यू जर्सी चॅप्टरमध्ये फर्स्ट पेज सेशन असतं, नाव न घालता पहिलं पान द्यायचं, दुसराच कुणीतरी ते वाचतो, तिथेही आम्ही बरोबर जातो. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी अडखळलं की कुठे खोडायचं ते लगेच कळतं.

भारतातून कुठे जाता येईल असं मैत्रिणीने विचारलं होतं. सिंगापूरला २०१० पासून मुलांच्या साहित्याचा आशियाई महोत्सव होतो, तो लेखकांसाठी चांगला आणि तिथे आपल्यासारखी माणसं जास्त. इटलीतली बोलोन्याची मुलांच्या पुस्तकांची जत्रा १९६४ पासूनची, पण ती मुख्यतः पुस्तकांच्या हक्कांच्या खरेदीविक्रीची, चित्रकारांना तिचा उपयोग जास्त, नवख्या लेखकाने तिकिटाचे पैसे घालू नयेत असं माझं मत. दिल्लीत सुरू झालेला बुकारू हा पुस्तक महोत्सव मुलांसाठी आहे, पण आपण ज्यांच्यासाठी लिहितो त्यांना जवळून बघायला जरूर जावं. आणि २०२० पासून एससीबीडब्ल्यूआयची ऑनलाइन सेशनही होऊ लागली, त्यामुळे घरबसल्याही बरंच ऐकता येतं.

पण टेबल ऑनलाइन मिळत नाही असं मैत्रीण म्हणाली, आणि मराठीचं टेबल तर कुठेच नाही. ते ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग तिला फोन केला, म्हटलं तुझ्या हॉलमध्ये किती माणसं मावतात? ती म्हणाली, दिवाण सरकवला तर आठ.

तर पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोथरूडला तिच्या घरी बसायचं ठरलंय. तुमचे संध्याकाळचे पाच म्हणजे माझे सकाळचे साडेसात, मी व्हिडिओवर असेन. पाच जण नक्की झालेत, त्यात एक रिक्षावाले काका आहेत जे नातवासाठी गोष्टी लिहितात. दोन जागा आहेत. एखाद्या शाळेच्या बाई किंवा लायब्ररीतलं कुणी आलं तर फार बरं होईल. सुरुवातीचे पाचशे शब्द आणायचे, फुलस्केपची साधारण दोन पानं, आठ झेरॉक्स काढून. वाचून झाल्यावर 'छान आहे' एवढंच म्हणून थांबायचं नाही, आणि ज्याचं लिखाण आहे त्याने मध्ये बोलायचं नाही. चहा-पोहे ती करणार आहे.